नवीन मालाची पानं

नाही पण, कुणी विश्वास ठेवला का माझ्यावर, राजीवभाऊ? एकानं तरी? तुम्हीच सांगा — बसा, बसा, चहाचं आधण ठेवलंय, उठायची घाई करू नका. तिकडं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटहून फोन केला होता मी तुम्हाला, लेकीच्या बाथरूममधून, नळ सोडून, दबक्या आवाजात — आता माझा दबका आवाज म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, चिंचवडला इतकी वर्षं पिठाची गिरणी चालवली, पट्ट्याच्या खडखडाटाच्या वर बोलायची सवय — म्हटलं, भाऊ, तुम्ही आणलेलं स्थळ, म्हणून तुम्हालाच सांगते, जावई जेवताना पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो. आमटीच्या वाटीशेजारी. तर तुम्ही काय म्हणालात? वहिनी, इथं घरोघरी असतं. हसलातसुद्धा. ऐकू आलं मला, नळ चालू असून.

रोखलं का त्यानं कुणावर? — नाही. हात उचलला का? — तोही नाही. नुसतं ठेवायचा. तोंड निधीकडं करून. आणि मीठ कमी पडलं, नाहीतर तिनं ऑफिसातल्या कुणाचं नाव काढलं, की बोटानं ते जरासं फिरवायचा, आपण ताटातलं लोणचं सरकवतो ना, तसं. आवाज चढवायचा नाही. देवांगराव कधी आवाज चढवत नाहीत. म्हणून तर तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, काकू, केवढे सालस आहेत हो तुमचे जावई, गणपतीत आरत्या पाठ सगळ्या. पोलिसांना सांगितलं तर ते विचारतात, धमकी दिली का, परवाना आहे का. आहे की परवाना, सगळं रीतसर. माझा स्वतःचा मुलगा, संजय, पुण्याहून म्हणतो, आई, तुला तिथलं कळत नाही. बरोबर आहे. चौथी शिकलेली बाई. तिला पिस्तुलाचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे कसं कळणार.

तुम्ही फ्लॅट बघून दिलात, ते विसरले नाही मी. निधी त्याला सोडून एका बॅगेनिशी इथं शिकागोजवळ, शॉमबर्गला आली तेव्हा गादी तुमच्याच व्हॅनमधून आली, जिन्यात अडकली तर तुम्हीच खांदा दिलात. म्हणून तर आज साखळी काढली मी दाराची. दुसऱ्या कुणाला काढली नसती.

आणि नोकरी मिळावी ती कुठं? बंदुकांच्या मासिकात. तुम्हाला गंमत वाटली होती तेव्हा. मला नव्हती वाटली. बाहेर विकत मिळत नाही हो ते, फक्त बंदुकांच्या दुकानदारांना टपालानं जातं — कुठल्या कंपनीनं नवीन काय काढलं, पर्समध्ये मावेल असं पिस्तूल, बायकांसाठी म्हणून गुलाबी मूठ, पोरांच्या हाती लागू नये म्हणून कुलपं, कमरेला अडकवायची चामड्याची पाकिटं — आणि मागच्या पानांवर बातम्या, कुठलं मासिक कुणी विकत घेतलं, किमतींच्या जाडजूड पुस्तकाची नवी आवृत्ती कधी निघतेय, कोण नवीन नोकरीला लागलं. त्यातली नवीन मालाची पानं निधी लावते, कॉम्प्युटरवर. मुलाखतीला गेली तर त्या साहेबानं, वॉल्टरनं, फोटोच टाकले समोर. म्हणाला, ओळख. तिनं सगळे ओळखले. घोडा कुठला, खटका कुठला, गोळी नळीत चढलीय की नाही हे बाहेरून कसं दिसतं, सगळं. म्हातारा खूश. इंडियन मुलगी, आणि एवढं कुठं शिकलीस म्हणे. काय सांगेल ती? रोज समोर असायचं ना, पोळी मोडताना. गोळी चढलीय का बघायची नि मगच पहिला घास घ्यायची माझी पोर.

तर त्या वॉल्टरनं काय करावं? बातम्यांच्या पानावर तिचा फोटो छापला. नाव, गाव, सगळं. आमच्याकडं नवीन आल्यात म्हणून. निधीनं सांगितलं होतं त्याला, नको म्हणून. तो म्हणतो, अगं, दुकानदारांशिवाय वाचतं कोण हे? मी तेव्हाच म्हटलं, देवांग दर शनिवारी दुकानातच जाऊन बसतो, त्याला दिसणार. पुन्हा संजयचं तेच, आई, तू घाबरट झालीयेस. बरं, तिथं थांबलं असतं तरी ठीक होतं, पण आपली प्रतिमा — इथल्या मंडळाचं पत्रक काढते ती — तिला कुठूनसा तो फोटो मिळाला आणि तिनं हार्दिक अभिनंदन म्हणून पत्रकात टाकला. आपल्या भगिनीचं नाव अमेरिकन मासिकात. अभिमानाची गोष्ट. बंदुकांचं आहे की बांगड्यांचं, कुणी बघायचं नाही. नाव छापून आलं ना, मग वाटा पेढे. ते पत्रक ईमेलनं कॅलिफोर्नियापर्यंत जातं. मी जाऊन तिच्या दारात उभी राहिले, काय तोंडाला येईल ते बोलले. रडली बिचारी. रडू दे.

काय म्हणता? बदलला? कोण, देवांग? डॉक्टरकडं जातो, पश्चात्ताप झालाय, फोनवर रडला तुमच्याजवळ — बरं. मग? एकदा समोरासमोर बोलू द्या म्हणता. कशाला? नाही भाऊ, आणि ती इथं नाहीचे. सांगितलं ना मघाशी दारातच, फ्लोरिडाला गेलीय, बंदुकवाल्यांचं प्रदर्शन असतं तिकडं, ऑफिसनं पाठवलंय.

हट्टी? माझी निधी हट्टी? तुम्ही असं कसं बोलू शकता, भाऊ, तुम्ही बघितलंय का तिला हल्ली — आज सकाळी डब्यात भेंडी दिली तर म्हणते पोळ्या कमी दे, घशाखाली उतरत नाहीत. बसमधून उतरून इथवर चालत येते ती अंधाराची, तर दर दिव्याखाली थांबून मागं बघते, मी खिडकीतून बघत असते रोज, आणि तुम्ही म्हणता हट्टी —

काय? फ्लोरिडा. हो, म्हणाले मी.

जाऊ दे. आलं तोंडातून. ऑफिसात आहे ती. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही घरचे. पण बाहेर बोलू नका. शप्पथ आहे तुम्हाला. घड्याळाकडं काय बघता सारखं? थांबा, चहा उतू जाईल.

आलं घालू ना? — तुमची व्हॅन दिसत नाही हो इथून. नेहमी त्या कचऱ्याच्या डब्यांपाशी लावता. दुरुस्तीला दिलीय? मग आलात कसे? एवढा बर्फ पडलाय आणि तुमचे बूट कोरडे — आत्ता लक्षात येतंय माझ्या. दारापर्यंत कुणीतरी सोडलं तुम्हाला. ती पांढरी गाडी का? इंजिन चालू ठेवलंय, धूर निघतोय मागून. आत बसलाय एक माणूस. मित्र आहे? मग वर का नाही बोलावलंत त्याला, एवढ्या थंडीत चहा नको का त्याला? टोपी खाली ओढलीय, तोंड दिसत नाही. पण हात दिसतात हं. स्टिअरिंगवर बोटं वाजवतोय.

तशी बोटं मी दोन महिने बघितलीत, राजीवभाऊ. जेवणाच्या टेबलावर.

बसा खाली. उठायचं नाही. मोबाईल इकडं द्या — द्या म्हणते ना. गिरणीतली पोती उचललीत ह्या हातांनी, तुमचं मनगट काय जड नाही मला. हं. आता बसा असे. गॅस बंद करते नि आधी पोरीला फोन लावते. घोट घ्यायचा असला तर घ्या, नाहीतर सांडा.

उचल गं. उचल, निधे — हॅलो. ऐक. मधे बोलू नको. घरी येऊ नको. बसमध्ये बसू नको. तो खाली आहे. — हो, तोच. — नाही, मला काही झालेलं नाही, दार लावलंय. तू त्या म्हाताऱ्याच्या केबिनमध्ये जा, त्याला सांग सगळं, टेबलाचंसुद्धा, लाजू नको, आणि पोलीस आल्याशिवाय तिथून हलू नको. रडू नको. ठेव.

झालं. ऐकलंत? तुमच्या मित्राला आता पहाटेपर्यंत बसू दे पेट्रोल जाळत.

हात जोडू नका. नुसतं बोलणार होता म्हणे. पायावर हात ठेवून सांगितलं त्यानं तुम्हाला. भाऊ, तुम्ही विचारलंत तरी का त्याला, विमानातून काय आणलंस, इथं येऊन काय घेतलंस? त्याची कंबर चाचपलीत? नाही ना. संसार जोडायला निघालात. तुम्ही जमवलेलं लग्न मोडलं तर मंडळात तोंड कसं दाखवणार, एवढंच तुमचं दुखणं.

मी मूर्ख. दोन महिने त्या वॉल्टरला शिव्या घालतेय, प्रतिमाला रडवून आले. वॉल्टरनं गावाचं नाव छापलं, खरं आहे. प्रतिमानं मासिकाचं छापलं. पण ह्या दाराचा नंबर कुठल्याच पानावर नव्हता. तो एकाच माणसाला ठाऊक होता.

दाराला हात लावू नका. तुम्ही उतरलात की तो वर येईल. पोलीस आले की जा त्यांच्याबरोबर. मी लावतेय त्यांना फोन. इंग्रजी येत नाही मला, पण फोनवरून घर शोधतात ते, निधीनं शिकवलंय, फक्त लाईन तोडायची नाही. आणि नाव विचारलेलं मला कळतं. देवांगचं सांगेनच मागून. आधी ज्यानं त्याला दारापर्यंत आणला, त्याचं.

हॅलो. हॅलो, पोलीस. मॅन, गन, डाउन. कम. — काय? नेम? येस, नेम. लिहा.

राजीव. राजीव दिघे.