खंडित मूर्ती

भोरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेल्या सुप्रियाच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

"बाळाबाई, तुमी कामाला जाता ते राजदूत साहेब कसं हाईत?"

"अर्धांगानं वाचा गेली. घरात समद्या खंडित मूर्ती, मग दुसरं काय व्हनार? एकीला मुंडकं न्हाई, एकीला हात न्हाई."

"परदेशातनं आनलेल्या न्हवं?"

"जल्मभर जमवल्या. म्या शेजारच्या सावळाच्या टेम्पोत घालून, हळदकुंकू वाहून धरनात सोडल्या."

"साहेबांम्होरं?"

"खुर्ची दारातच ठिवली हुती. डोळ्यातनं नुसती धार. एका हातानं माझा पदर धरला, सोडंचनात."

"उपकार जानले म्हना."

"व्हय. तवापास्नं लई शांत झाल्यात. घास पुढं केला तरी तोंड उघडत न्हाईत."