न पाहिलेल्या माणसावरची सही

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारते. दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून केलेलं खोटं – ते पुण्याच्या बाजूला टाकायचं, की पापाच्या? लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

एका दूध संघात हेमलता गवांदे नावाच्या बाई होत्या. दुपारपाळीच्या सुपरवायझर. दुधाचं फॅट तपासायच्या, तेही कसं? डोळा काचेच्या नळीसमोर आणून, दोनदा बघून, मगच आकडा लिहायचा. गवळी म्हणायचे, "बाई, एकदा बघितलं की दिसतं की!" त्या म्हणायच्या, "दिसतं. पण खात्री दुसऱ्यांदा होते."

पाळीची हजेरीही त्यांच्याकडेच. नियम साधा – काम संपल्यावर कामगाराने स्वतः सही करायची, आणि त्याला पाहिल्यावर बाईंनी खाली मंजुरीची सही करायची.

एके दिवशी टाकीवरचा मच्छिंद्र धावत आला. "ताई, आबा पुन्हा स्टँडवर जाऊन बसलेत! मागच्या वेळी थेट नाशकाच्या गाडीत सापडले होते. जाऊ का?"

मच्छिंद्रच्या म्हाताऱ्या बापाला कशाचीच आठवण राहत नव्हती हो! आणि त्याच्यापायी मच्छिंद्रच्या साऱ्या रजा संपलेल्या. संघाचे मॅनेजर वाबळे साहेब, त्यांनी बजावलं होतं – आता एक खाडा, की कायमचा घरी!

बाईंना काय करता आलं असतं? साहेबांकडे जायचं, बदली माणूस मागायचा. पण साहेबांचा आवाज! त्या हळूच म्हणाल्या, "जाण्याच्या रकान्यात आत्ताच सही कर, आणि पळ."

मच्छिंद्रने सही केली. बाईंनीही केली. किती हलकं वाटलं त्यांना! आपल्यालाही वाटतंच की. एखाद्याचं काम फुकटात करून दिलं, की आपण आरशात जरा जास्त वेळ बघतो!

आणि संध्याकाळी काय झालं? पाइप धुवायला सोड्याचं पाणी सोडलं. टाकीचा कॉक बंद करायचं काम मच्छिंद्रचं. तो राहिला उघडा! सोडा दुधात गेला. तपासणीत वेळेवर कळलं म्हणून बरं, कुणाच्या पोटात गेलं नाही. पण टाकीभर दूध ओतून द्यावं लागलं, मंडळी. गावोगावच्या बायांनी पहाटे उठून काढलेलं दूध!

सकाळी साहेबांनी हजेरी उघडली. "मच्छिंद्र, रात्री सुटेपर्यंत तू टाकीवर होतास. तुझी सही आहे. बोल!"

मच्छिंद्रने बाईंकडे एकदा पाहिलं, आणि मान खाली घातली. "चुकलं साहेब."

ऐकलंत? नव्हतो म्हणाला असता, तर सुटला असता का? नाही. पण बाई अडकल्या असत्या. म्हणून तो न केलेली चूक स्वतःची म्हणत होता! बाईंनी त्याला वाचवायला सही केली, आणि त्याच सहीने त्याला नेमकं तिथे उभं केलं, जिथे तो नव्हताच.

बाईंना स्वतःचा डोळा आठवला, काचेसमोरचा. दुधाचा थेंब दोनदा पाहणारी मी, पाळी सुटताना माणूस एकदाही पाहिला नाही?

"साहेब, तो नव्हता. मी पाठवलं होतं."

"मग टाकीवर कोण होतं?"

"कुणीच नाही. कागदावर माणूस होता, म्हणून मी दुसरा मागितला नाही."

साहेबांनी हजेरी मिटली. मग म्हणाले, "मला का नाही विचारलंत?"

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलो असतो! आणि माणूस दिला असता."

मंडळी, इथे थांबा. बाई समजत होत्या, आपण दया केली. पण त्या दयेत भीड किती होती? चार कडू शब्द ऐकायचं टाळलं, आणि त्याला नाव दिलं दया!

बाईंचं सुपरवायझरपद गेलं. मच्छिंद्रला खाडा लागला, ताकीद मिळाली, पण विचारून गेला होता म्हणून नोकरी राहिली. तो म्हणाला, "ताई, माझ्यामुळे..." त्या म्हणाल्या, "नाही रे. तू खरं सांगून रजा मागितलीस. खोटं माझं होतं." आणि त्या पुन्हा फॅट बघायला बसल्या. दोनदा.

आता तुमच्याकडे वळते! घरात, कचेरीत, पंचायतीत – कुणाला तोंडावर विचारायचं टाळून तुम्ही कुठे "हो, पाहिलंय" म्हणून ठेवलंय? उद्या जाऊन विचारा. ओरडा बसेल. बसू द्या!

आणि आता नामाला टाळी वाजवा. पण मंडळी, जो खरोखर इथे आहे, त्यानेच. शेजाऱ्याच्या वतीने नको!