कुणाचा शब्द न मोडता घेतलेला प्रवेश

व्रत तसं साधंच होतं हो माझं. उपास नाही, अनवाणी चालणं नाही, काही नाही. देवापुढे हात जोडून एवढंच म्हटलं होतं, की या वयात मला विद्यापीठात कला शाखेला प्रवेश मिळू दे, आणि तो पक्का होईपर्यंत मी कुणाचा शब्द मोडणार नाही. आता सांगा, यात घोळ होण्यासारखं काय आहे? याहून अवघड व्रतं केलीत मी. यांच्या बढतीसाठी वर्षभर बिनसाखरेचा चहा प्यायले, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आठवड्यातून एक दिवस मौन धरलं... गुडघा काही सुधारला नाही, पण घरातले सगळे म्हणाले, व्रत मात्र चालू ठेव.

तर तुम्ही नवी मुलं इथं बाकावर बसलाच आहात, आत बोलवायला अजून वेळ आहे, म्हणून तुम्हाला सांगते. मला एकच विषय हवा होता. तत्त्वज्ञान. का, तर इतकी वर्षं मी रोज सकाळी देवाशी बोलते, तो ऐकतो यात मला शंका नाही, पण माझं विचारणंच कुठंतरी कच्चं पडतंय असं वाटत राहतं. आणि विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं, या विषयात प्रश्न कसा विचारावा ते शिकवतात. मी पोळ्या टाकता टाकता ते वाक्य वाचलं आणि तव्यावरची पोळी काळी झाली. एवढं मनात बसलं.

आले इथं. या समोरच्या दालनात. आत गेलं की टेबलंच टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे एक मार्गदर्शन करणारा माणूस, हे तुम्हाला कळेलच. पहिल्या टेबलाशी एक मॅडम, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज असा की आपल्यालाच ताप आलाय आणि त्या कपाळाला हात लावतायत. म्हणाल्या, "ताई, आवडीचा विषय मुख्य म्हणून कधी घेऊ नये. आवडच मरते. तो आपला दुय्यम ठेवा." आता मॅडम एवढ्या मायेनं सांगतायत, आणि माझं व्रत. मी काय म्हणणार? मी म्हटलं, बरं.

मग मुख्य विषय कुठला? ते म्हणे पुढच्या टेबलाशी. तिथं अर्थशास्त्राचे सर. त्यांच्याकडे बहुधा सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं, कारण मला बघून ते उभेच राहिले. "या या. घर चालवता ना तुम्ही? मग निम्मं अर्थशास्त्र तुमचं झालंच की, उरलेलं निम्मं मी शिकवतो." अहो, माझ्या घर चालवण्याला आजवर कुणी शास्त्र म्हटलं नव्हतं, आमचे हे तर त्याला खर्च म्हणतात. मी भारावले. आणि म्हटलं, बरं.

तिथून उठते तोच छातीवर 'मला विचारा' असा बिल्ला लावलेली एक मुलगी आडवी आली. मी काहीही विचारलं नव्हतं. "काकू, दुय्यमला तत्त्वज्ञान? वेड्या आहात का? मानसशास्त्र घ्या, त्याच्या नोट्स तयार मिळतात, माझ्याच देते." म्हणजे बघा, कोण कुठली पोर, स्वतःच्या नोट्स देतेय मला. तिचं मन कसं मोडायचं? बरं.

राहिलं तत्त्वज्ञान ऐच्छिकमध्ये. ठीक आहे, कोपऱ्यात का होईना, आहे ना. तर वेळापत्रकवाले भाऊसाहेब, मान वर न करता, "ऐच्छिकचा तास सकाळी पहिला आहे, चालेल?" मी म्हणणार होते, न चालायला काय झालं, तेवढ्यात यांचा फोन. "अगं, सकाळचं काही घेऊ नकोस हं, माझी गोळी कुठली आधी आणि कुठली नंतर ते मला कळत नाही." तीस वर्षं दोनच गोळ्या आहेत हो. एक पांढरी, एक गुलाबी. पण शब्द तो शब्द. मी फोनमध्ये म्हटलं, बरं. भाऊसाहेबांना वाटलं, त्यांनाच म्हटलं. ते म्हणाले, "तसं दुपारी भूगोलात जागा आहे, टाकू?"... काय सांगू तुम्हाला. बरं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तोंड उघडायचं की. त्यासाठीच तर गेले मी शेवटच्या टेबलाशी. जिन्याखाली आहे ते, बघा, इथून नुसता कोपरा दिसतो. तिथं तत्त्वज्ञानाचे सर. समोर चहा, चहावर बशी, बशीवर माशी. मनाशी म्हटलं, हे सर तरी घ्याच म्हणतील, यांचाही शब्द मोडायचा नाही, म्हणजे आपोआप मार्ग निघेल. देवानंच सोय ठेवली असणार. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. इतकं नीट ऐकलं, की मला वाटलं झालंच काम. आणि मग म्हणाले, "घेऊ नका. मुलं कमी आहेत, वर्ग बंद पडेल, तुमचं वर्ष फुकट जाईल. मी माझ्या स्वार्थासाठी तुम्हाला यात ओढणार नाही."

दालनभर एवढी माणसं, आणि त्यात एकच प्रामाणिक निघावा, तो नेमका इथं? पदरानं तोंड पुसलं. आणि म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप. प्रवेश निश्चित. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल. देवानं त्याचा शब्द पाळला, मी माझा पाळला, आणि दोघांनी मिळून माझं वाटोळं केलं. देव्हाऱ्यापुढे बसले, पण आभार मानायला तोंड उघडेना. सून म्हणाली, "आई, अहो शनिवारपर्यंत विषय बदलता येतात की." मी म्हटलं, हे कुणीच कसं सांगितलं नाही? तर म्हणे, "तुम्ही सगळ्यांना बरं म्हणत सुटलात, मग कोण सांगणार?"

व्रत तर संपलंच होतं. उठले, तडक जिन्याखाली. सर म्हणाले, "तुम्हाला सांगितलं होतं ना, घेऊ नका." मी म्हटलं, नाही सर. घेणार. माझाच आवाज मला ओळखू येईना. सर म्हणाले, "का?" मी म्हटलं, "सर, आपण मागितलं, देणाऱ्यानं अगदी तसंच दिलं, आणि मिळाल्यावर कळलं की मागणंच चुकलं होतं. तर चूक कुणाची?"

सरांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, "बसा. हे उभ्यानं बोलण्यासारखं नाही."

त्या दिवशी चहा दोनदा गार झाला. उत्तर काही मिळालं नाही. पण बाळांनो, घरी जाताना मी इतकी खूश होते, की यांनी विचारलं, कुणी काही दिलं का.

आता अडलंय ते असं. वर्गात आम्ही सात जण. दहा झाले नाहीत तर शनिवारी वर्ग बंद, आणि मी परत भूगोलात. सर स्वतः कुणाला घे म्हणणार नाहीत. ते आतासुद्धा तिथं बसून आलेल्याला परत पाठवत असतील. म्हणून मी इथं येऊन तुमचं डोकं खातेय. आत सगळे चांगलेच आहेत, मायेनं सांगतील, नीट ऐका. पण मनात एखादा प्रश्न रुतून बसला असेल ना, तर सरळ जिन्याखाली जा. ते नको म्हणतील. तरी घ्या, मी घेतलं तसं. तीनच जण हवेत हो मला, तिघंच.

आणि अगदीच पटत नसेल तर निदान नाव घालून वर्गात येऊन बसत जा. खोली मोठी आहे, गार आहे... कुणी नसतंच ना.