घर-बघणी

(येडशीजवळचं ज्वारी काढलेलं रान. रविवार, ऊन बरंच वर आलेलं. युवराज हा धाराशिवच्या एका हॉस्टेलातल्या 'बुलंद ग्रुप'चा अध्यक्ष. मल्हार पहिल्या वर्षाचा, ग्रुपात यायला धडपडणारा. दोघं नुकतेच मोटारसायकलवरून उतरलेत.)

मल्हार : काल इथंच होतं, भाऊ.

युवराज : काय इथंच होतं?

मल्हार : घर.

युवराज : हे बघ मल्हार, सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब न्हाय. घर-बघणीला उपाशी जायचं, ग्रुपचा नियम हाय. डोळ्यापुढं अंधारी यायलीय. सरळ सांग, दार कुठलं वाजवायचं?

मल्हार : त्या बाभळीखाली होतं. हे तीन दगड बघा. चूल.

युवराज : आन बाकीचं घर?

मल्हार : घोडीवर असंल.

युवराज : घोडीवर.

मल्हार : जरा थांबा, राखेत हात घालून बघतो... कोमट हाय. लांब गेले नसतील.

युवराज : राखेवरून घराचा पत्ता काढायलास? अरे, अकरा पोरांची घरं बघितली मी. बजरंगच्या बापानं आधी आमच्याकडून सोयाबीनची पोती आत रचून घेतली, मग पोहे दिले. तरी पोरगा पास केला. वैजनाथकडं उप्पीट खारट निघालं म्हणून त्याला चार महिने वेटिंगवर ठेवला. समर्थच्या घरी तर त्याची आजी मलाच नवरदेव समजून माझं गोत्र विचारायली. सगळं बघितलं. पण घरच पळून गेलं, असं स्थळ पहिल्यांदाच!

मल्हार : पळालं न्हाय, भाऊ. कुणीतरी दुसऱ्या रानात बोलावलं असंल. मायचा फोन लागंना. चार्जिंगला कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावर ठेवावा लागतो.

युवराज : एक मिनिट. फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस? 'वडील फिरतीच्या नोकरीला.' मी पोरांना छाती ठोकून सांगितलं, साहेबाचा पोरगा हाय, झेडपीत चिकटलेला असंल बाप.

मल्हार : फिरतीवर असत्यात की.

युवराज : कशाच्या?

मल्हार : मेंढरांच्या.

युवराज : आन साहेब कोण त्यात?

मल्हार : मेंढरंच. सव्वाशे साहेब हायती. ते उठले की उठायचं, बसले की बसायचं.

युवराज : म्हणजे फॉर्मवर खोटं लिहिलंस.

मल्हार : लिहिलं. का लिहिलं ते सांगू? पहिल्या आठवड्यात मी पांघरायला घोंगडं आणलं होतं. खोलीतल्या पोरांनी ते व्हरांड्यात फेकलं. वास येतो म्हणले. तवापासून मेसात मी भिंतीकडं तोंड करून जेवतो. सहा महिने झाले. तुमच्या टेबलावर सगळे एकमेकांच्या ताटातलं ओढून खात्यात, शिव्या देत्यात, हसत्यात. मला त्या टेबलावर एक जागा पायजे, भाऊ. टी-शर्ट नको, स्टेटसला फोटो नको. एक जागा.

युवराज : ...घोंगडं कुणी फेकलं?

मल्हार : जाऊ द्या.

युवराज : समर्थ तुझ्याच खोलीत हाय न्हवं?

मल्हार : जाऊ द्या म्हणलं न्हवं, भाऊ.

युवराज : हे बघ, उपाशीपोटी मला दया येत न्हाय. नियम म्हणजे नियम. घर बघितल्याशिवाय मेंबर न्हाय. आन मी परत हॉस्टेलात गेलो तर रविवारचं जेवण मिळत न्हाय, मेस बंद. शोध तुझं घर.

मल्हार : बसा मागं. ह्या लेंड्या बघत बघत जाऊ.

युवराज : बाकीचे मोबाइलमधला नकाशा बघत्यात, मी लेंड्या बघायलोय. एवढ्यासाठी अध्यक्ष झालो होतो.

मल्हार : ओल्या हायत्या. ह्याच बाजूला गेले. ती बघा, बांधापलीकडं आमची घोडी! सापडलं घर!

बानूबाई : आरं, गाडी तिकडंच लाव की! कोकरं हायती पायाखाली!

मल्हार : माय, घर हलवलं तर सांगायचं तरी!

बानूबाई : कशानं सांगू, बोंबलून? दगडोबा पाव्हणा दिस उगवायला आला. म्हणला, उद्या टॅक्टर लावायचाय, आजच्या आज माझ्या रानात मेंढरं बसवा, खत होऊ द्या. तुझा बाप कळप घिऊन वढ्याला गेला. म्या इस्तू इझवला, भांडी बांधली, घोडी लादली. घर उचलाया कितीसा येळ लागतोय? ह्ये कोण? तुमचं मास्तर का?

मल्हार : न्हाय, माय. अध्यक्ष. आमच्या ग्रुपचे. म्हणजे त्यांच्या ग्रुपचे.

युवराज : नमस्कार, मावशी. मी युवराज. विद्यार्थीच हाय मी.

बानूबाई : विद्यार्थी? मिशा तर चांगल्या बाप्याच्या दिसत्यात. कितव्या सालाला हायस?

युवराज : तिसऱ्या.

बानूबाई : आन मागल्या साली?

युवराज : तिसऱ्याच.

बानूबाई : त्याच्या मागल्या साली?

मल्हार : माय!

बानूबाई : इचारलं रं. आमची मेंढरं बी एका रानात तीन दिस टिकत न्हाईत, ह्यो तीन साल टिकला. कवतिकच म्हणायचं.

युवराज : मावशी, लई बोलता तुम्ही.

बानूबाई : दिसभर मेंढरांसंगं असती, बाबा. माणूस घावलं की बोलून घेती. बस त्या घोंगड्यावर. पोहे करणार व्हते. मल्हार म्हणला, पोरगी बघत्यात तसं आपलं घर बघाया येणार हायती. येडशीच्या दुकानातनं पुडा आणला, कढीपत्ता आणला. वाटंत शेळीनं पुडा फाडला आन समदं खाऊन बसली. आता तिलाच पास कर.

युवराज : म्हणजे खायला काहीच न्हाय?

बानूबाई : तोंड का उतरलं? भाकरी हाय, हुलग्याचं कालवण हाय. चूल पेटू दे जरा.

युवराज : तोवर एक फोटो काढून घेतो. ग्रुपवर टाकावा लागतो. मल्हार, तू उंबऱ्यावर उभा राहा. शेजारी मावशी. मागं दार दिसलं पायजे.

बानूबाई : दार न्हाय.

युवराज : बरं, नुसता उंबरा चालंल.

बानूबाई : घोडी आदीच म्हातारी. तिच्या पाठीवर उंबरा कुठं लादू? दार न्हाय, तर कुलूप बी न्हाय. लिव तसं तुझ्या कागदावर. आन रिकामा हुबा हायस तर ह्ये धर.

युवराज : हे काय... मावशी, न्हाय, मला जमत न्हाय! हे हलायलंय!

बानूबाई : जित्तं हाय म्हणून हलतंय. कोकरू हाय, परवा जलमलंय. त्याची माय मेली. दुसरीच्या कासंला लावतीया, पर ती वास घेती आन ढुशी मारती. परक्याचं लेकरू चटकन घेत न्हाईत ह्या. तिचंच दूध ह्याच्या अंगाला चोळलंय. धर नीट, पोटाखाली हात घाल. मल्हार, तू मेंढी धर.

मल्हार : धरली. भाऊ, त्याचं तोंड कासंकडं करा. तोंड! शेपटाकडनं न्हवं!

युवराज : मला काय माहिती कुठल्या बाजूनं... आयला! मावशी! मुतलं हे! शर्ट नवा हाय माझा!

बानूबाई : मुतलं व्हय? लई ब्येस झालं. कळपाचा वास लागला, आता कुत्रं तुला चावायचं न्हाय.

युवराज : कुत्रं? कुठलं कुत्रं?

मल्हार : ते काय, तुमच्या मागंच उभं हाय मघापासून.

युवराज : आन आत्ता सांगायलास!

मल्हार : घाबरला असता, भाऊ.

बानूबाई : गप! गप ऱ्हावा दोघं. बघा, पियाया लागलं. हुंगतीया... हुंगतीया... हां. घेतलं तिनं. घेतलं गं माझे बाय.

युवराज : ...मावशी, बघा ना, शेपटी कशी फिरवायलंय!

बानूबाई : पोटात दूध गेलं की फिरती ती. हात धू आन तू बी बस. फिरव शेपटी.

मल्हार : माय, जपून बोल की. अध्यक्ष हायती ते.

बानूबाई : आध्यक्षाला काय भूक नसती? घे रं. ठेचा तिखट हाय, जपून लाव.

युवराज : मावशी... लई भारी झालंय हे.

बानूबाई : आजून घे. दोनच झाल्या.

मल्हार : चार झाल्या, माय.

बानूबाई : दुसऱ्याच्या भाकरी मोजू नगं. आजवर किती घरं बघितलीस, पोरा?

युवराज : अकरा. तुमचं बारावं.

बानूबाई : समद्यांकडं जेवलास?

युवराज : नियमच हाय तसा. रविवारीच जायचं, उपाशी जायचं, आईच्या हातचं जेवायचं.

बानूबाई : नियम कुणी केला?

युवराज : मीच.

बानूबाई : आन तुझं घर कुणी बघितलं?

युवराज : अध्यक्षाचं घर बघत न्हाईत, मावशी. मी स्थापना केलीय.

बानूबाई : माय हाय का तुला?

युवराज : हाय की.

बानूबाई : कुठं असती?

युवराज : तुळजापूरच्या पुढं, नळदुर्ग रोडला. आमचं गाव तिकडं.

बानूबाई : मग हितनं काय काशी हाय? एसटीनं दुपारपतूर जाशील. दर ऐतवारी दुसऱ्याच्या मायच्या चुलीफुडं का बसतुस?

युवराज : मल्हार, जरा पाणी दे.

मल्हार : तांब्या तुमच्या हातातच हाय, भाऊ.

बानूबाई : कदी गेला व्हतास घरी?

युवराज : दोन वर्षं झाली.

मल्हार : दोन वर्षं? पण भाऊ, दिवाळीला तर तुम्ही...

युवराज : दिवाळीला ग्रुपातल्या ज्ञानोबाच्या घरी होतो मी. त्याच्या आईला सांगितलं, घर-बघणीची दुसरी फेरी हाय म्हणून.

बानूबाई : भांडण केलंस का बापासंगं?

युवराज : भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. माझे दोन विषय राहिलेत, मावशी. निकाल लागला तेव्हा बापापुढं तोंडातून निघून गेलं, पास झालो. मग म्हणले, नोकरीचं काय? म्हणलं, लागली, पुण्याला. त्यांनी देवीला नारळ फोडला, गावभर पेढे वाटले. आता ते पेढे परत कसे गोळा करू? बाप फोनवर विचारतो, कंपनीत एसी हाय का. मी हॉस्टेलच्या गच्चीवर उन्हात उभा राहून सांगतो, लई गार असतंय.

बानूबाई : आन माय?

युवराज : ती रविवारीच फोन करती. कंपनीचं काहीच विचारत न्हाय. 'जेवलास का?' एवढंच. मला वाटायचं, एवढं एक तरी तिला खरं सांगता यावं. म्हणून केला हा नियम. हसू नको, मल्हार.

मल्हार : म्या कुठं हसलो?

युवराज : बाकीच्यांना सांगशील?

मल्हार : माझा बाप झेडपीत हाय, भाऊ. मी कुणाला काय सांगू?

युवराज : लेका, पास झालास तू. घर एक नंबर हाय. फोटो मेंढरांसकट टाकतो, कोण काय बोलतंय बघतोच. आन समर्थ ते घोंगडं स्वतःच्या हातानं उचलून आणंल.

बानूबाई : थांब थांब. तू कोण पास करणार? आदी तू तर हो.

युवराज : मावशी, एवढं बोलून घेतलं की. आता अजून काय?

बानूबाई : कोकराचं बघितलंस न्हवं? लेकरू कुणाचं का असंना, वास लागला की घेत्यात. तू तर तिचाच हायस. तुला काय ढुशी मारंल? बापाचं मला ठावं न्हाय. त्यो चार शिव्या हासडंल, एक-दोन दिस बोलायचा न्हाय. मल्हार, ह्या तीन भाकरी फडक्यात बांध. ह्याच्या मायला द्यायच्या.

युवराज : मावशी, नको.

बानूबाई : तुझ्यासाठी न्हाईतच. इतकी घरं तिच्या लेकाला जेवू घालत्यात, तिच्या घरी कुणीच गेलं न्हाय. रीत हाय का ही? मल्हार, तू संगं जा. ह्याचं घर बघून ये. उंबरा असंल त्यास्नी, फोटो बी निघंल.

मल्हार : पर माय, म्या अजून मेंबर कुठं झालोय?

बानूबाई : मग काय झालं? आदी आध्यक्षाला होऊ दे.

युवराज : ह्या शर्टावर? मुताचा वास यायलाय मला. आज माझ्याशेजारी कुणी बसायचं न्हाय.

मल्हार : मी बसंन की, भाऊ.

बानूबाई : जावा आता. ऊन कलायच्या आत पोचाल. आन पोरा, फिरून यावं वाटलं तर ये. आमी हितं नसू. चूल बघ, राख बघ, घावू कुठंतरी.

युवराज : येतो, मावशी.

मल्हार : भाऊ, किल्ली घ्या. गाडी तुमची हाय.

युवराज : तूच चालव. माझ्या हातात दिलीस तर मी हॉस्टेलकडंच वळवीन.