भाडेकरार वाचायला लावणारे माने सर

वहिनी, सभासद बंधू-भगिनींनो, मिरजेहून आलेल्या सरांच्या विद्यार्थ्यांनो,

उसाच्या लागणीची कामं टाकून तुम्ही आलात. मला सभा गाजवायची सवय, पण आज गाजवायला आलो नाही. एक काम सांगायला आलोय. माने सरांसाठी नुसतं रडून भागणार नाही.

सर मूळचे वडूजकडचे. मिरजेच्या कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर इथं ऊस लावला आणि आपल्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद झाले. आयुष्यभराचा अभ्यास कशाचा? अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचा! कुणी कुणाची लाइन भाड्यानं घेतली, कोण कुणात विलीन झालं. आपण हसायचो. सुभेदार सर्जेराव, तुम्ही तर कारखान्याच्या गेटवर चहा पिताना म्हणायचात, "आवं सर, तिकडचं रूळ वाचून हितं ऊस वाढतोय व्हय?"

सर म्हणायचे, "सुभेदार, फौजेत नकाशा कवा बघत हुता? तिथं जायच्या आदीच न्हवं?"

गेल्या वर्षी कारखाना एका खासगी कंपनीला भाड्यानं द्यायचा विषय निघाला. तेव्हा सरांनी देवळापुढं बसून आपल्याला सगळं सांगितलं. तिकडच्या छोट्या लाइनी कुणी बांधल्या? कितीतरी ठिकाणी गावच्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी शेअर घेऊन. मग मोठी कंपनी आली. म्हणाली, मालक तुम्हीच, आम्ही फक्त गाड्या चालवतो. करार किती वर्षांचा? काही ठिकाणी नऊशे नव्व्याण्णव वर्षांचा! गावाची कंपनी कागदावर राहिली. तिचे संचालक भाडं घेण्यापुरते जमायचे. पुढं भाडेकरू दुसऱ्या कंपनीत विलीन झाला, ती तिसरीत. करारही त्यांच्याबरोबर गेला. आणि लांबच्या शहरातल्या एका खोलीत ठरलं, ह्या लाइनीत फायदा नाही, बंद करा. गावानं विचारलं, मालक कोण? उत्तर आलं, तुम्हीच.

सर्जेराव तेव्हा चिडले. "मग मालक असून उपेग काय?"

"लय उपेग हाय," सर म्हणाले. "पण सही करायच्या आदी."

मित्रांनो, सरांचा भाड्याला विरोध नव्हता. भाड्यानं दिल्यामुळं काही लाइनी तगल्या, हेही ते सांगायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की करार वाचा. भाडेकरू बदलला तर आपल्याला विचारणार का? यंत्रं हलवता येतील का?

आणि आपल्या सभेची रीत काय? पहिला विषय श्रद्धांजलीचा. आपण उभे राहतो. मौन संपलं की खुर्च्या सरकतात, बायका पदर सावरतात, आणि त्या गडबडीत पुढचा विषय वाचला जातो. पुढच्या रांगेतून आवाज, "मंजूर! मंजूर!" संपलं. गेल्या वर्षी भाडेकरार नेमका तिथंच ठेवला होता. सगळे बसले. सर उभेच. "करार वाचा," म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, जेवाण गार व्हतंय!"

"हुंदे की. कारखाना गार हुण्यापरीस बरं."

हशा पिकला, पण विषय तहकूब झाला. एका माणसानं तो अडवला, तेही बारीक आवाजाच्या माणसानं.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. विषयपत्रिका तुमच्या घरी आली असेल. पहिला विषय श्रद्धांजली, त्यात सरांचं नाव. दुसरा विषय भाडेकरार. ध्यानात येतंय? ज्यानं तो अडवला, त्याच्याच श्रद्धांजलीच्या आडून संचालक तो मंजूर करून नेणार आहेत. हे आपण होऊ देणार?

काल वहिनींनी मला विचारलं, "भावजी, आता कोण उभं राहील?" मी म्हणालो, "सगळे." तुम्हाला न विचारता, तुमच्या जिवावर हे उत्तर मी दिलंय.

माने सर, तुम्हाला अखेरचा नमस्कार.

आता उभे राहू या, शांत राहू या. पण हे मौन आज, इथं. रविवारी सरांच्या नावानं उभे राहाल, तेव्हा करार वाचून होईपर्यंत कुणीही खाली बसू नका.