चालती रेघ

अंपायरच्या चुका मले नका सांगू बे. इंग्रजाच्या राज्यात चिखलीकडच्या एका तलावावर जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबानं शिडाच्या होड्यांची शर्यत ठेवली होती. मी तहसिलातला कारकून, म्हणून शिट्टी माझ्याकडे. शेवटची रेघ म्हणजे उंद्रीचे पाटील अन् करीमभाई. दोघं छातीभर पाण्यात उभे, हातात झेंडी बांधलेला एकेक बांबू. त्या दोन बांबूंमधून जो आधी निघंल, त्याले कप.

पुढं होता एक तरुण गोरा इंजिनियर. साहेबाची होडी मागं, वाऱ्यानं पार डावीकडे गेलेली. इंजिनियर रेघेवर पोचणार, तेवढ्यात पाटील अन् करीमभाई बांबू घेऊन डावीकडे चालू लागले.

मी काठावरून ओरडलो, "पाटील, रेघ कुठं घेऊन चालले?"

"साहेब येऊन राह्यले ना! सामोरं नको जायाले?"

त्यांनी साहेबाले बांबूंमधून नेलं, वरून मुजराही केला. इंजिनियर बिचारा रेघ शोधत गोल गोल फिरत राह्यला.

साहेब लालेलाल. "रेस फिरसे होगा! बांबू जमीन में गाडो!"

गाडले. दुसऱ्यांदाही इंजिनियरच पुढं. पण त्याची बढती साहेबाच्या हातात. रेघ हातभर राह्यली, तसं इंजिनियरनं शीड उतरवलं अन् गुमान बसला. साहेब पुढं निघाले, कप घेतला.

पाटील धोतर पिळत म्हणाले, "हेच यानं पह्यल्यांदा केलं असतं, तं आमाले रेघ घेऊन चालावं लागलं नसतं!"