सांध्यांची काठी

…नाही, ती नको, ती तुम्ही काल पण दाखवलीत आणि परवा पण. एकात एक सरकणारी, जुन्या रेडिओच्या अँटेनासारखी. दिसायला झकास, बंद केली की शर्टांच्या घडीत मावते, सगळं कबूल — पण तिचं टोक कधी बाहेर येईल आणि कधी आतच रुसून बसेल, त्याचा नेम नाही. मला गळाची काठी तुकड्यांची दाखवा. चार असोत, पाच असोत, सहा असोत. आज बॅगच घेऊन आलोय बघा, म्हणजे अंदाजपंचे काम नको. आडवी घातली तर एवढी, तिरकी घातली तर आणखी चार बोटं. बसमध्ये लांब काठी आत घेऊ देत नाहीत, वर टपावर टाक म्हणतात, पोत्यांच्या खाली — आणि मग उतरेपर्यंत तिचं काय होतं ते विचारू नका. किती वाजले? पावणेदोनची बस आहे माझी. काल पण पावणेदोनचीच होती. हो, चुकली. परवाची चुकली नाही, परवाची मी सोडली. समोरून गेली, मी स्टँडवर उभा होतो, हात नाही केला. असू दे, तुम्ही काढा ती वरच्या फळीवरची.

ही पाच तुकड्यांची ना? द्या, मी जोडतो. दाबून बसवायचं आणि मग जरासं पिळायचं. बसलं. आणि काढायचं झालं तर — अरे, निघाला की. इतका सहज? म्हणजे मासा लागला की पण — हो हो, ओढणं वेगळं आणि वाकणं वेगळं, वाकली की सांधा उलट घट्ट धरतो, काल सांगितलंत तुम्ही. मी ऐकलं होतं, मला फक्त परत एकदा ऐकायचं होतं. हसू नका, मी जन्मभर सांधेच केले. कपाटं, टेबलं, खुर्च्या. जोडकाम आणि पॉलिश, दोन्ही एकट्याच्या हाताने. माझा जोड नखालासुद्धा लागायचा नाही. कारखान्याचे मालक गिऱ्हाइकाला टेबलापाशी उभं करून विचारायचे, सांगा बरं, फळी कुठे जोडलीय? लोक बोटं फिरवून फिरवून दमायचे. मी कोपऱ्यात उभा, अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि ही तुमची काठी बघा — जोड चक्क दिसतोय, वरून लाल दोरा गुंडाळलाय, की बाबा रे, इथे जोड आहे, सांभाळून. हे बरं आहे. हे फार बरं आहे.

माझ्यासाठी नाही हो, मी कुठला गळ टाकतोय. दादासाठी. माझा थोरला. मला वाटलं परवाच बोललो होतो. नाही बोललो? मग एवढा वेळ मी केलं काय इथे — बरं, तर वहिनीचा फोन आला होता. दादा आजारातून उठलाय, पण एका बाजूचा हात म्हणावा तसा चालत नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काहीतरी काम द्या, त्याच्या आवडीचं. घरामागे तळं आहे त्यांच्या. वहिनी म्हणाली, भावोजी, तुम्ही एक काठी घेऊन या, तुम्ही आणलीत तर ते नाही म्हणणार नाहीत. आता बोला. चाळीस वर्षं ज्याने गळाला हात लावला नाही, त्याला म्हणे मी आणली तर चालेल. मीच. वहिनी साधी आहे, तिला काय ठाऊक.

म्हणजे ठाऊक असण्यासारखं काही नाही त्यात. दादाची एक काठी होती, बांबूची, अखंड, बाबांनी त्याला दिलेली. मोडली ती. मोडतात काठ्या. तुमच्याकडेही येत असतीलच लोक मोडलेल्या घेऊन — ती चार तुकड्यांची दाखवा ना जरा. नको, राहू द्या, हीच बरी. किती वाजले?

मोडली म्हणजे, मी कापली होती. बघता काय असे? बावीस वर्षांचा होतो. मित्रांबरोबर दोन दिवस धरणावर जायचं होतं, दादा बाहेरगावी होता, आणि बसवाला अखंड काठी आत घेईना. तुम्ही काय केलं असतंत? नसती नेली, हो, तुम्ही शहाणे आहात. मी घरी परत गेलो आणि करवत लावली. पेराला लागूनच कापली, तिथे मुळातच रेघ असते ना, म्हणजे नंतर जोडली की कळायला नको. हे बघा, कापायच्या आधीच लपवायचं कसं ते ठरवून ठेवलं होतं मी. धरणावर सुतळीने आवळून भागवलं, परत आल्यावर आत लाकडी खुंटी बसवली, सरस लावला, फटीत लाख भरली, वरून तीन हात पॉलिश. अहो, काय काम झालं होतं ते. मीच दुसऱ्या दिवशी शोधत होतो जोड कुठेय म्हणून. कोपऱ्यात उभी करून ठेवली, आणि तोंडातून ब्र काढला नाही. दादा आला, त्याने हातात घेतली, झुलवून पाहिली, ठेवून दिली. मी सुटलो.

सरस माहितीय ना तुम्हाला? गरम करून लावायचा. लाकडाला असा धरतो की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही. कारखान्यात आम्ही दुसरं काही वापरतच नव्हतो. फक्त त्याला पाणी चालत नाही. ओला राहिला की मऊ पडतो, सुटतो. मला माहीत नव्हतं असं नाही, पण कपाटाला कुठे पाणी लागतं? टेबल कोणी नदीत बुडवतं? माझ्या डोक्यात आलंच नाही, की ही काठी आहे, ही पाण्यावरच जाणार.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं गेलो, बाबा, दादा आणि मी. सकाळपासून भुरभुर होती. बाबांनी त्यांचे दोन मित्रही तिथे बोलावले होते, मुलाचा गळावरचा हात दाखवायला. आणि लागला हो, असा मासा लागला की दादा गुडघाभर पाण्यात ओढला गेला. बाबा काठावरून मोठ्याने सांगत होते, ढील दे, ढील दे. दादा सगळं बरोबर करत होता — मी शपथेवर सांगतो, त्याचं एक बोट चुकलं नाही. आणि वरचा अर्धा भाग खुंटीसकट निघाला आणि गेला पाण्याखाली. आवाजसुद्धा नाही झाला. दादा हातातल्या अर्ध्याकडे बघत उभा. बाबा मित्रांसमोर म्हणाले, तुझ्या हातात काही टिकत नाही.

एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. मी काय केलं? मी पुढे झालो, दादाच्या हातातून तो अर्धा घेतला, म्हटलं, दे, मी टाकतो. आत सरस ओघळलेला दिसत होता, वितळलेल्या गुळासारखा. तो त्याने बघायला नको म्हणून घेतला. घरी नेऊन चुलीत घातला. दादा म्हणाला, तू आहेस म्हणून बरं.

त्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. नाही टाकलं. विचारलं की हसून म्हणायचा, माझ्या हातात काही टिकत नाही बाबा. मुलीला पहिल्यांदा हातात घेताना मागे सरला, म्हणाला, तुम्हीच धरा. सगळे हसले. मी पण हसलो. बाबा गेले, बाबांना तरी सांगायचं होतं. आणि परवा वहिनी सांगत होती, आजारातून उठल्यावर चहाचा कप निसटला, तर हेच म्हणाला. जीभ अजून नीट वळत नाही, पण हे वाक्य स्पष्ट आलं. वहिनी रडत होती फोनवर. मी म्हटलं, येतो. तेव्हापासून तुमच्या दुकानात येतोय.

काय म्हणालात? रीळ? दोरी गुंडाळायचं ते? रिळाचं काय… मूठ कुठल्या बाजूला, उजवी की डावी? ज्या हातात जोर आहे त्यावर — हो, बरोबर, ते आधी ठरवायला हवं. कुठला हात चालत नाही त्याचा? थांबा, वहिनी म्हणाली होती… नाही, नव्हती म्हणाली. मी विचारलंच नाही. असं बघू नका, विचारतो की, फोन करतो, त्यात काय. वहिनीच उचलते.

हॅलो, वहिनी, मी — …दादा? तू कसा उचललास? वहिनी कुठेय? …नाही, नाही, काम असं काही नाही. दुकानात आहे. काठीच्या. …पाच तुकड्यांची. …हो, येतोय. कुठल्या हातात जोर आहे तुझ्या? …डाव्या. बरं. …काय? …असं म्हणू नकोस. दादा, असं म्हणू नकोस. तुझ्या हाताचा काही संबंध नव्हता. …सांगतो काय ते. ऐक.

मालक, तुम्ही जरा बाहेर थांबता का? दुकान तुमचं आहे, कळतंय मला. तरी थांबा. आणि दार ओढून घ्या.